खोल पाण्यात अ‍ॅल्युमिनियम कुठून खाल्लं जातं

खोल समुद्रात गंज कमी लागतो असं बहुतेकांना वाटतं. तिथे थंडी, अंधार, ऑक्सिजन कमी, मग गंजायला उरलंच काय. साध्या पोलादाच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरंही आहे, कारण पोलादाचा गंज ऑक्सिजनच्या जिवावर चालतो, ऑक्सिजन घटला की त्याचा वेग पडतो. पण अ‍ॅल्युमिनियमचं गणित उलटं आहे. वर, बंदराच्या पाण्यात वर्षभर नीट टिकलेली प्लेट दोन किलोमीटर खाली गेली की तिला भोकं पडू शकतात. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय कारण आपल्या नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींमधल्या वर्कशॉपना आता पाण्याखालच्या उपकरणांची कामं यायला लागलीत आणि ड्रॉइंगवर फक्त "६०६१-टी६, ब्लॅक अ‍ॅनोडाईज" (म्हणजे मिश्रधातूची ग्रेड आणि वर करंटने चढवलेला काळा ऑक्साईडचा थर) एवढंच लिहिलेलं असतं, बाकी सगळं करणाऱ्याच्या समजुतीवर सोडलेलं.

आमचं वर्कशॉप अंबडला. टर्निंग, व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), थोडं फिटिंग. समुद्र म्हणजे घाट उतरून पलीकडचा विषय, तरी कामं येतात कारण नाशिकला अ‍ॅल्युमिनियमवर हात बसलेली माणसं खूप आहेत. ओझरला एचएएलचा विमान कारखाना १९६४ पासून आहे, तिथल्या कामांमुळे आजूबाजूच्या कित्येक छोट्या युनिट्सना विमानाच्या ग्रेड्सची ओळख झाली, टीसी (मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट) बघून मटेरियल घ्यायची, बॅच वेगळी ठेवायची सवय लागली. ही सवय सोन्यासारखी आहे. फक्त विमानासाठी जे चांगलं ते समुद्रासाठी चांगलं असेलच असं नाही, आणि बोलायचंय ते त्याबद्दलच.

मागच्या पावसाळ्यात एक ग्राहक एक जुनं हाऊसिंग (उपकरणाचं पाणीबंद कवच) घेऊन आले. दुसरीकडे कुठेतरी बनवलेलं, सेन्सरचं नळकांडं, दोन्ही बाजूंना झाकणं, काळं अ‍ॅनोडायझिंग. बरेच महिने मूरिंगवर लटकून आलेलं, म्हणजे तळाशी वजन, वर तरंगता गोळा आणि मधल्या दोराला उपकरणं बांधलेली. त्यांना तसंच नवीन हवं होतं. टेबलावर ठेवलं तेव्हा पहिल्या नजरेला मला ते जवळजवळ नवंच वाटलं. नळकांड्याची बाहेरची बाजू अजून काळी, गुळगुळीत. समुद्राचं पाणी जिथे उघडपणे लागत होतं तिथे काही म्हणता काही नव्हतं.

मग आमच्या अण्णांनी बोल्ट काढले. अण्णा म्हणजे आमचे फिटर, तीस वर्षांहून जास्त हात चालतोय त्यांचा. वॉशर उचलला तर त्याच्या खाली पांढरा लगदा, ओला असताना जेलीसारखा, वाळला की खडूच्या पुडीसारखा. स्क्रायबरच्या टोकाने तो खरवडला आणि टोक आत गेलं. खड्ड्याचं तोंड अगदी बारीक, पण आत पोकळी रुंद होत गेलेली. झाकण काढलं तर ओ-रिंगच्या (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीच्या) ग्रूव्हच्या, म्हणजे खाचेच्या, बाहेरच्या कडेला, जिथे झाकण आणि नळकांडं एकमेकांना टेकतात त्या पट्टीवर, तसाच पांढरा चर, गोल फिरत गेलेला. ओ-रिंगपासून तो जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर लांब होता. अण्णा एवढंच म्हणाले, "भाऊ, हे वरून नाही, फटीतून खाल्लंय."

अख्ख्या विषयाचं सार त्या वाक्यात आहे.

आता हे का होतं. अ‍ॅल्युमिनियम मुळात फार तापट धातू आहे, हवा लागली की लगेच ऑक्सिजनशी जुळतो, पण त्यातून जो ऑक्साईडचा थर तयार होतो तो इतका घट्ट असतो की पुढचं काम थांबतं. हा थर काही नॅनोमीटरच जाड. ओरखडा पडला तर तो परत भरून येतो. पाण्याचा पीएच साधारण ४ ते ८.५ च्या मधे असला की हा थर टिकतो, त्याच्या खाली आम्लात विरघळतो, वर अल्कलीत विरघळतो. अ‍ॅनोडायझिंग लाईनवर गेलेल्यांना माहितीये, कॉस्टिकच्या टाकीत जॉब सोडला की कसा फसफसून उठतो, ते हेच. समुद्राचं वरचं पाणी ८.१ च्या आसपास, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम सुखात असायला पाहिजे. अडचण क्लोराईडची. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण १९ ग्रॅम क्लोराईड असतं, आणि हा आयन थरातली कमकुवत जागा बरोबर शोधतो. कमकुवत जागा म्हणजे बहुतेक वेळा मिश्रधातूत अडकलेला लोखंडाचा किंवा तांब्याचा एखादा सूक्ष्म कण, त्याच्या कडेने थर नीट बसलेला नसतो.

एकदा का तिथे छिद्र पडलं की आतलं पाणी बाहेरच्या पाण्यापासून वेगळं पडतं. आतला ऑक्सिजन पटकन संपतो. अ‍ॅल्युमिनियम विरघळत राहतं, ते पाण्याशी जुळून हायड्रॉक्साईड होतं (तो पांढरा लगदा) आणि मागे आम्ल सोडतं. त्या आम्लाचा तोल सांभाळायला बाहेरून आणखी क्लोराईड आत ओढलं जातं. म्हणजे खड्ड्याच्या आत पीएच ३-४ पर्यंत उतरतो, बाहेर समुद्र ८ वर आणि आत जवळजवळ पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, दोघांच्या मधे सुईच्या टोकाएवढं तोंड. वॉशरखाली, ओ-रिंगच्या शेजारी, केबल क्लॅम्पखाली तर ही बंद खोली आपणच तयार करून दिलेली असते. तिथे छिद्र पडायची वाट बघायचीही गरज नाही, फट आधीच तयार आहे. क्रेव्हिस करोजन म्हणतात ते हे, आणि माझ्या मते खोल पाण्यातल्या अ‍ॅल्युमिनियमचा हा एक नंबरचा शत्रू, दाब वगैरे नंतर.

दाबाबद्दल लोक फार बोलतात. दाब आहेच, दर दहा मीटरला एक बार वाढतो, ६,००० मीटरवर ६०० बार. १०० मिलिमीटर व्यासाच्या झाकणावर हिशोब केला तर ४८ टनांच्या आसपास भार येतो. पण हा भिंतीच्या जाडीचा आणि ताकदीचा प्रश्न आहे, तो कागदावर सुटतो, चाचणीच्या टाकीत दाब देऊन तपासता येतो. फटीतला गंज टाकीत दोन तासांच्या प्रेशर टेस्टमध्ये दिसत नाही. तो महिन्यांनी दिसतो, तेही उपकरण परत आलं तर.

खोल गेल्यावर हे जास्त का होतं याचं सगळ्यात मोठं जुनं काम अमेरिकन नौदलाच्या सिव्हिल इंजिनिअरिंग लॅबोरेटरीचं, कॅलिफोर्नियातल्या पोर्ट ह्युनीम इथलं. १९६२ पासून १९७० पर्यंत त्यांनी पॅसिफिकमध्ये साधारण ७६० मीटर आणि १,८०० मीटर खोलीवर सांगाडे उतरवले, त्यावर पावणेपाचशेच्या आसपास मिश्रधातूंचे मिळून सुमारे २०,००० नमुने होते, आणि तेच धातू वरच्या पाण्यातही ठेवले. फ्रेड राइनहार्ट यांनी त्यावर वर्षानुवर्षं रिपोर्ट लिहिले. अ‍ॅल्युमिनियमच्या बऱ्याच ग्रेडमध्ये खालच्या पाण्यात खड्डे आणि फटीतला गंज वरच्यापेक्षा जास्त निघाला. मला त्या रिपोर्टमधली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती अशी की त्यांनी नुसतं वजन किती घटलं ते न देता खड्ड्याची खोली वेगळी मोजली, फटीतली वेगळी मोजली. अ‍ॅल्युमिनियममध्ये वजन बघितलं की फसायला होतं. अख्ख्या प्लेटचं वजन नगण्य घटतं आणि एका जागी आरपार भोक असतं. हाऊसिंगला एक भोक पुरतं.

ज्या ७६० मीटरवर त्यांनी नमुने ठेवले तिथे ऑक्सिजन पृष्ठभागाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी होता. आपल्या डोक्यात "ऑक्सिजन कमी, गंज कमी" बसलेलं असतं, पण अ‍ॅल्युमिनियमला तो थर दुरुस्त ठेवायला बरी परिस्थिती लागते, आणि खाली एकाच वेळी सगळं बिघडतं. ऑक्सिजन कमी, पाणी २ ते ४ अंशांवर त्यामुळे थर जाड व्हायचा वेग मंद, आणि पीएच ७.५-७.८ पर्यंत उतरलेला. पीएच अजून "सुरक्षित" पट्ट्यातच आहे, पण कडेची दुरुस्ती ढिली पडते, छिद्र लवकर पडतं आणि पडलं की परत मिटत नाही.

आणि सगळे खोल समुद्र सारखे नसतात हेही लक्षात घ्या. तळाचं थंड पाणी मुख्यतः उत्तर अटलांटिकमध्ये आणि अंटार्क्टिकाजवळ बुडतं आणि तिथून सरकत सरकत उत्तर पॅसिफिकपर्यंत पोचतं, या प्रवासाला हजारेक वर्षं लागतात. वाटेत वरून पडणारा सेंद्रिय कचरा कुजतो, त्यात ऑक्सिजन खर्च होतो, कार्बन डायऑक्साईड वाढतो, पीएच उतरतो. म्हणून अटलांटिकचं खोल पाणी त्या मानाने ताजं आणि पॅसिफिकचं जुनं. एका समुद्रात पाच वर्षं टिकलेलं हाऊसिंग दुसऱ्या समुद्रात टिकेलच याची हमी नाही, कॅटलॉगवर "डेप्थ रेटेड" एवढंच छापलेलं असतं, कुठल्या पाण्यात ते नसतं.

आपला अरबी समुद्र तर या बाबतीत खास आहे. साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटरच्या पुढेपर्यंत त्यात ऑक्सिजन जवळपास नसल्यात जमा असा जाड पट्टा आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या पट्ट्यांपैकी एक. आणि आपली उपकरणं नेमकी याच पट्ट्यात राहतात. आर्गो फ्लोट नावाचे तरंगते यांत्रिक नळ जगभरच्या समुद्रांत मिळून चारेक हजार सोडलेले आहेत, भारतातर्फे हैदराबादची इन्कॉइस संस्था ते काम बघते. यातल्या बऱ्याच फ्लोटचं बाहेरचं नळकांडं अ‍ॅल्युमिनियमचं असतं. फ्लोट १,००० मीटरवर जाऊन नऊ-दहा दिवस नुसता वाहत राहतो, मग २,००० मीटरपर्यंत उतरतो आणि तिथून वर येताना तापमान, क्षारता मोजत येतो, वर आला की सॅटेलाइटला आकडे पाठवतो आणि परत खाली. असं चार-पाच वर्षं. पावसाच्या अंदाजाला हे आकडे लागतात. आपल्या द्राक्षवाल्यांचा जीव ज्या अंदाजावर टांगलेला असतो त्याच्या मुळाशी असलं एखादं अ‍ॅल्युमिनियमचं नळकांडं अरबी समुद्राच्या बिनऑक्सिजनच्या पाण्यात पडलेलं असतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणून त्यातला ग्रूव्ह कुणी कसा मारला याला किंमत आहे.

आता ग्रेडचं बोलू. आपल्याकडे ७०७५ म्हटलं की लोकांच्या नजरेत आदर येतो, एरोस्पेस ग्रेड म्हणून. ताकद प्रश्नच नाही, टी६ मध्ये ५०० एमपीएच्या आसपास यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो), ६०६१ च्या २७५ च्या जवळपास दुप्पट. ग्राहकही म्हणतो खोल जायचंय, दाब जास्त, मग ७०७५ घ्या. पण ७०७५ मध्ये झिंक साडेपाच टक्के आणि तांबं दीड टक्क्याच्या वर, २०२४ मध्ये तर तांबं चार टक्क्यांच्या पुढे. तांब्याचा कण अ‍ॅल्युमिनियममध्ये बसला की त्याच्या शेजारचं अ‍ॅल्युमिनियम जाणार हे ठरलेलं. हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको, द्राक्षबागेत बोर्डो करताना मोरचूद धातूच्या भांड्यात कालवू नका, प्लॅस्टिकचा ड्रम घ्या असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. मोरचुदातलं तांबं अ‍ॅल्युमिनियमवर जाऊन बसतं आणि भांड्याला चाळण पडते. ७०७५ मध्ये तेच तांबं आतून आधीच भरलेलं आहे, एवढंच.

त्या मानाने ५०८३, ५०८६ या मॅग्नेशियमवाल्या ग्रेड समुद्रात खूप बऱ्या, जहाजाच्या पत्र्याला त्याच वापरतात. ५०८३ मध्ये मॅग्नेशियम चार ते पाच टक्के, आणि तीन टक्क्यांच्या वर मॅग्नेशियम असलं की दीर्घकाळ ६५-७० अंशांच्या वर तापवू नये, धातूच्या सूक्ष्म दाण्यांच्या सीमेवर वेगळा पदार्थ साठतो आणि मग सीमेसीमेने तडा जातो. खोल समुद्रात हा धोका नाही पण गोडाउनमध्ये, ओव्हनमध्ये, कोटिंग भाजताना आहे. गोल बारमध्ये ५०८३ आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून शेवटी फिरून ६०६१ किंवा ६०८२ वरच येतो, ज्याला जुनी माणसं अजून एचई ट्वेंटी आणि एचई थर्टी म्हणतात. यात माझी पसंती ६०८२ ला, तिच्यात तांबं ०.१० टक्क्याच्या आत असतं, ६०६१ मध्ये ०.१५ ते ०.४० असतं. फरक छोटा, पण मटेरियल घेताना टीसीवर तांब्याचा आकडा बघायला पैसे पडत नाहीत.

जास्त ताकदीची ग्रेड समुद्रात नेलीच नाही असं नाही. रेनॉल्ड्स मेटल्स या अमेरिकन अ‍ॅल्युमिनियम कंपनीने १९६४ मध्ये अख्खी पाणबुडी अ‍ॅल्युमिनियमची केली, अ‍ॅल्युमिनॉट. ७०७९-टी६ चे फोर्जिंग, भिंत साडेसहा इंच, म्हणजे १६५ मिलिमीटर जाड, ४,६०० मीटर खोलीसाठी डिझाइन. १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेसजवळ समुद्रात पडलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या शोधात ती होती. १९६८ मध्ये अल्विन नावाची छोटी पाणबुडी केबल तुटून दीड किलोमीटर खाली बुडाली, तिला पुढच्या वर्षी वर काढायला अ‍ॅल्युमिनॉटनेच मदत केली. अल्विनमध्ये राहिलेली सँडविचेस दहा महिन्यांनीही भिजलेली पण खाण्यासारखी होती ही गोष्ट जगभर सांगितली जाते, आणि मला वाटतं "खोल समुद्रात सगळं जपून राहतं" हा समज बराचसा तिथूनच पसरला. अन्न कुजायला जंतू लागतात, अ‍ॅल्युमिनियम खायला नुसतं क्लोराईड पुरतं. आणि ७०७९ चं पुढे काय झालं तर ताणाखाली गंजून तडकायच्या सवयीमुळे ही ग्रेड विमानांतूनही बाद झाली. अ‍ॅल्युमिनॉट टिकली ती जाड भिंत, बाहेरून कोटिंग आणि सतत देखभाल यांच्यामुळे. आपण मूरिंगवर लटकवून वर्षभर विसरणार असलो तर तो हिशोब लागू नाही.

आपल्या मत्स्य ६००० या खोल समुद्रातल्या पाणबुडीत माणसं बसायचा गोळा टायटॅनियमचा आहे, आतला व्यास २.१ मीटर, जाडी ८० मिलिमीटर. चेन्नईच्या एनआयओटी या सरकारी समुद्र-तंत्रज्ञान संस्थेचं काम, २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ४,०७७ कोटींच्या डीप ओशन मिशनमधलं. माणूस बसणार तिथे टायटॅनियमच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण प्रत्येक सेन्सर टायटॅनियममध्ये घालायचा तर संशोधन करणाऱ्या कॉलेजला ते परवडणार नाही, टूलिंग खातं, वेळ खातं, बारचा भाव तर विचारूच नका. अ‍ॅल्युमिनियम राहणारच. म्हणून ते नीट करायला शिकणं हे आपलं काम.

तर त्या हाऊसिंगकडे परत येतो. बोल्ट स्टेनलेसचे, ३१६, नुसते वॉशर टाकून सरळ अ‍ॅल्युमिनियमवर आवळलेले. समुद्राच्या पाण्यात स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक पडतो, म्हणजे ती बॅटरीच झाली आणि त्यात झिजणारी बाजू अ‍ॅल्युमिनियमची. आता इथे एक गोष्ट आहे जी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला उलटी वाटली होती, पण विचार केला की पटते. अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅनोडायझिंग करून झाकलं आणि बोल्ट उघडा ठेवला तर सगळा करंट जिथे कुठे अ‍ॅनोडायझिंगला ओरखडा असेल त्या एका ठिकाणावरून जातो. मोठा कॅथोड (न झिजणारी बाजू), चिमुकला अ‍ॅनोड (झिजणारी बाजू), खड्डा वेगाने खोल. म्हणून कोटिंग करायचंच तर आधी स्टेनलेसला करा, त्याची उघडी जागा कमी करा. आणि बोल्टला प्लॅस्टिकची स्लीव्ह, खाली प्लॅस्टिकचा वॉशर, जेणेकरून धातू धातूला लागणारच नाही. डेलरिनचे (हे एक कडक प्लॅस्टिक) वॉशर आम्ही आता इथेच टर्न करून देतो, किंमत किरकोळ. जोडणी झाल्यावर मल्टिमीटरने बोल्ट आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी बघायची, बीप वाजला तर परत खोलायचं. तांब्याची पूड असलेलं अँटी-सीझ (बोल्ट अडकू नये म्हणून लावतात ते ग्रीस) अजिबात लावायचं नाही. ग्राफाइटही नको, विमानाच्या कामात अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर शिसपेन्सिलने खूण करायला मनाई असते ती याच कारणाने.

अ‍ॅनोडायझिंगवर माझं बोलणं जरा लांबेल कारण इथेच सगळ्यात जास्त कामं बिघडताना बघतोय. काळं सजावटी अ‍ॅनोडायझिंग आणि हार्ड अ‍ॅनोडायझिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलं १०-१५ मायक्रॉन, दुसरं ५० च्या आसपास. ऑर्डरवर मायक्रॉन लिहा, रंग नंतर. ५० चा थर घेतला तर त्यातला अर्धा आत जातो अर्धा बाहेर वाढतो, म्हणजे प्रत्येक पृष्ठभागावर २५ मायक्रॉन साईज वाढते, ओ-रिंगच्या बोअरमध्ये व्यासावर ५० कमी होतात, हे टर्निंगच्या आधी धरायचं. धारदार कोपऱ्यावर हा थर जुळतच नाही, तिथे तडे राहतात, ५० मायक्रॉनला बाहेरचा कोपरा दीडेक मिलिमीटरने गोल पाहिजे. ग्रूव्हच्या कडेला तेवढी जागा नसते, तिथे निदान धार मोडून पॉलिश करा, त्या जुन्या हाऊसिंगचा चर नेमका अशाच न मोडलेल्या धारेवरून सुरू झालेला दिसत होता.

आणि रॅकिंगची खूण. टाकीत जॉबला करंट द्यायला कुठेतरी पकडावं लागतं, त्या पकडीच्या जागी थर बसत नाही, तांदळाच्या दाण्याएवढी उघडी जागा राहते. चष्म्याच्या केसला चालतं, समुद्रात ती जागा म्हणजे आमंत्रण. आम्ही आता ड्रॉइंगवरच बाण काढून लिहितो, पकड फक्त आतल्या कोरड्या बोअरमध्ये घ्या. अ‍ॅनोडायझिंगवाले आमचे शेठ आधी वैतागले, म्हणाले भो असं कुणी सांगत नाही, पण एकदा त्यांना वॉशरखालचा खड्डा दाखवला आणि त्यांनी स्वतःच त्या जॉबसाठी वेगळी जिग करून घेतली. सीलिंग नीट झालंय का हे शाईचा थेंब टाकून बघायची सवयही त्यांचीच, शाई पुसली गेली तर छिद्रं बंद, डाग राहिला तर परत टाकीत.

एवढं सगळं करूनही झिंकचा अ‍ॅनोड बांधाच. झिंक अ‍ॅल्युमिनियमपेक्षा आधी झिजतं आणि तेवढा काळ बॉडी वाचते. फक्त तो बॉडीला धातूने जोडलेला असला पाहिजे, काही लोक अ‍ॅनोडाईज केलेल्या पृष्ठभागावर नुसता पट्टा आवळतात, थर करंट जाऊ देत नाही, अ‍ॅनोड कोरा करकरीत परत येतो आणि लोक खूश होतात की गंज लागलाच नाही. जोडाची जागा मास्क करून उघडी ठेवायची, स्क्रू आवळल्यावर वरून सील करायची. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड मात्र नको, त्याचा जोर जास्त, अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागाशी पाणी अल्कली होतं आणि तो कॉस्टिकच्या टाकीतला प्रकार समुद्रात सुरू होतो.

काही जण मला लेक्सिंग्टनचे फोटो दाखवतात. अमेरिकेची ही विमानवाहू नौका मे १९४२ मध्ये कोरल समुद्रात बुडाली, मार्च २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांच्या टीमला ती ३,००० मीटर खोलीवर सापडली, आणि शेजारी विमानं, ७५ वर्षांनंतरही अंगावरचा रंग आणि चिन्हं वाचता येतील अशी. मग अ‍ॅल्युमिनियम खराब होतं कसं म्हणता? प्रश्न रास्त आहे. त्या काळापासून विमानाच्या पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवायची पद्धत आहे, तो थर झिंकच्या अ‍ॅनोडसारखं आधी स्वतः झिजून आतल्या तांबंवाल्या मिश्रधातूला वाचवतो, आणि त्यावर प्रायमर, रंग. शिवाय फोटोत उघडा पत्रा दिसतो, रिव्हेटखाली आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात काय झालंय ते फोटोत दिसत नाही. आमच्या टेबलावरचं हाऊसिंगही फोटोत सुंदरच आलं होतं. आणि विमानाला भोक पडलं तरी त्याचा आकार राहतो, आपल्या नळकांड्यात पाण्याचा एक थेंब गेला तर बोर्ड संपला, आणि त्याबरोबर कुणाच्या तरी पीएचडीचं वर्षही.

नवीन हाऊसिंग आम्ही ६०८२ मध्ये केलं, हार्ड अ‍ॅनोडाईज, दोन ओ-रिंग, ग्रूव्हच्या बाहेरची टेकणारी पट्टी पूर्ण सिलिकॉन ग्रीसने भरलेली म्हणजे फटीत पाणी शिरायला जागाच नको, डेलरिनचे वॉशर-स्लीव्ह, झिंक दोन ठिकाणी. ग्राहकाला एक कागद लॅमिनेट करून दिलाय, वर आलं की गोड्या पाण्यात भिजवा, नुसती धार मारू नका, झाकण त्याच दिवशी उघडा, फट पुसा, कारण डेकवर वाळलेलं मीठ फटीत आणखी दाट होत जातं. सोबत त्याच बारमधून कापलेल्या तीन प्लेट पाठवल्यात, त्याच दोराला बांधायला. एकीवर स्टेनलेस बोल्ट सरळ आवळलेला, दुसरीवर स्लीव्ह टाकून, तिसरीवर स्लीव्ह आणि झिंक दोन्ही. त्या परत आल्या की वॉशर काढून खड्ड्यांची खोली डायलने मोजणार आणि आकडे इथेच टाकणार. अंबड-सातपूरमध्ये कुणाला असलं काम आलं असेल आणि जुना खराब झालेला पार्ट हातात असेल तर फेकू नका, भाऊ किंवा ताई जे कोण असाल, कटिंग करून आतला खड्डा बघूया, आमच्याकडे कट-ऑफ आणि पॉलिशिंगची सोय आहे.